आजारी मांजराची घरगुती शुश्रूषा

गंभीर आजारी पाळीव मांजराची दवाखान्यातल्या उपचारांच्या जोडीने घरी घेतली जाणारी काळजी. खाऊपिऊ घालणे, औषधे देणे, अंगातले पाणी टिकवणे, वजन, ताप आणि श्वास यांची नोंद ठेवणे, वेदना ओळखणे आणि आजार बरा होणारा नसेल तर उरलेले दिवस सुसह्य करणे, एवढे सगळे तीत येते.

सातारा जिल्ह्यात या शुश्रूषेचा बराचसा भार घरच्यांवरच पडतो. इथली सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी उभी राहिली. गावच्या दवाखान्यात मांजर तपासून मिळते, पण रात्रभर ठेवून घेण्याची सोय सहसा नसते. सातारा, कराडसारख्या शहरांत कुत्र्या-मांजरांचे खाजगी दवाखाने आहेत. मोठ्या तपासण्यांसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर थेट पुणे. महाविद्यालय जिल्ह्यातच असले तरी ते उत्तर टोकाला आहे. पाटणच्या खोऱ्यातून निघून खंबाटकी घाट ओलांडून तिथे पोचायचे आणि परतायचे म्हणजे दिवस मोडतो, आणि आजारी मांजराला तो प्रवास झेपतोच असे नाही. त्यामुळे डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढचे दिवस घराचाच वॉर्ड होतो. या वॉर्डात औषधाइतकेच, पुष्कळदा औषधापेक्षाही जास्त, दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते: मांजर खाते का, आणि घरच्यांचे त्याच्याकडे नीट लक्ष आहे का.

लक्षणे आणि नोंद

मांजर दुखणे लपवते. बरे नसले की ते माळ्यावर, कपाटामागे, लाकडांच्या ढिगाआड जाऊन बसते, आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत आजार पुढे गेलेला असतो. खाणे घटणे, अंग चाटणे थांबून केस राठ होणे, उडी मारायचे टाळणे, पाय पोटाशी घेऊन पाठीला पोक काढून बसणे ही सुरुवातीची चिन्हे होत. वेदना चेहऱ्यावरही दिसते. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले आहेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टी तीत पाहतात. घुरघुरणारे मांजर खुशीतच असते असा समज सर्वत्र आहे, पण दुखत असतानाही मांजर घुरघुरते.

घरी एक वही ठेवावी. निरोगी मांजराचे तापमान गुदद्वारात मोजल्यास सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या मानाने हा आकडा जास्त असल्याने नवख्या माणसाला मांजराला उगाच ताप आल्यासारखा वाटतो. उलट ९९ अंशांखाली उतरलेले मांजर जास्त धोक्यात असते. झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत हवा. तो सतत ४० च्या वर राहिला किंवा मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. वजनासाठी आधी माणसाने मांजराला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटणे. डॉक्टर दूर असले की फोनवर ‘जरा मलूल वाटतंय’ या वाक्यापेक्षा वहीतले आकडे कितीतरी उपयोगी पडतात.

खाणे

मांजर निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातून मिळावेच लागते आणि ते मांस, मासे यांतच असते. दूध-चपातीवर वर्षानुवर्षे वाढवलेल्या मांजराची दृष्टी आणि हृदय त्यामुळेच बिघडू शकते. आजारपणात तर दूध नकोच. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि आधीच पाणी कमी झालेल्या अंगाला जुलाब लागतात.

माणसाने दोन-तीन दिवस लंघन केले तर बिघडत नाही, मांजराचे बिघडते. अन्न बंद झाले की अंगातली चरबी यकृताकडे धावते, तिथे साचते आणि यकृतच निकामी होऊ लागते. लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत जास्त. ‘पोट बिघडलंय, एक-दोन दिवस उपाशी राहू दे, आपोआप बरं होईल’ हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना कळवावे. पिलाच्या बाबतीत तेवढेही थांबू नये.

न खाणाऱ्या मांजराला खायला लावणे हे या शुश्रूषेतले सर्वांत कष्टाचे काम. मांजर चवीपेक्षा वासावर खाते, आणि सर्दीने नाक चोंदले की अन्नाचा वासच येत नाही. नाक कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून घ्यावे आणि अन्न अंगाच्या उबेइतके कोमट करून पसरट ताटलीत द्यावे. खोल वाटीत मिशा टेकतात, ते पुष्कळ मांजरांना खपत नाही. हळद, मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी मिक्सरमधून काढून थोड्या पाण्यात सैल केली की बाजारच्या पाऊचइतकीच चालते, निदान आजाराच्या काही दिवसांपुरती. सुकट आणि बोंबलाच्या वासाने मरगळलेले मांजरही मान वर करते खरे, पण त्यांत मीठ आणि फॉस्फरस भरपूर, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते देऊ नयेत. शाकाहारी घरांत मांजराचे खाणे परसात, वेगळ्या भांड्यात ठेवण्याची रीत आहे. ती ठीकच, मात्र आजारी मांजराला परसापर्यंत चालत जायला लावू नये.

तरीही खात नसेल तर सिरिंजने भरवतात. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे, सुई काढलेली सिरिंज सुळ्याच्या मागच्या फटीतून बाजूने आत घ्यावी आणि एका वेळी मिलिलिटरभर अन्न सोडून त्याने गिळेपर्यंत थांबावे. डोके वर उचलून घशात ओतले तर अन्न फुप्फुसात जाते. अंग थंड पडलेल्या मांजराला आधी ऊब द्यावी, मग भरवावे, कारण गारठलेल्या पोटात अन्न पुढे सरकत नाही. बळजबरीने मांजर लाळ गाळू लागले, अन्न पाहताच पळू लागले तर थांबावे आणि मळमळीच्या औषधाविषयी किंवा नळीने अन्न देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. अन्नाची शिसारी एकदा बसली की ती आजारापेक्षा चिवट ठरते.

गोळी गिळवली की मागोमाग पाच-सहा मिलि पाणी पाजणे गरजेचे आहे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

कातडीखालचे सलाईन

उतारवयातल्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. तो बरा होत नाही, पण अंगातले पाणी राखले तर मांजर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, बऱ्या अवस्थेत काढते. यासाठी डॉक्टर घरच्यांना कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतात. बहुधा रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त सलाईनची बाटली असते. ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करतात आणि खिडकीच्या गजाला टांगतात. मांजर मांडीवर किंवा टेबलावर बसवून दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी तयार होते, तिथे सुई सरकवायची. सुई बरोबर बसली तर धार सुरू होते आणि कातडीखाली मऊ फुगवटा येतो. केस ओले झाले तर ती आरपार गेली असे समजावे. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० मिलि देतात, पण प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे, कारण हृदय कमजोर असेल तर हेच पाणी छातीत साचते. फुगवटा ओघळून पुढच्या पायाशी येतो आणि काही तासांत जिरतो; पाहणारा घाबरतो, पण त्यात काळजीचे काही नाही. साखरेचे सलाईन कातडीखाली देऊ नये. सुई दर वेळी नवी घ्यावी.

तुंबलेली लघवी

बोक्याची लघवी तुंबणे हा घरी सांभाळण्याचा आजार नव्हे. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटतो, थेंब-दोन थेंबच येतात. घरच्यांना वाटते संडास साफ होत नाही, म्हणून एरंडेल पाजले जाते आणि त्यात मोलाचे तास जातात. लघवी पूर्ण अडली की रक्तातले पोटॅशियम वाढते आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडते. रात्र असो की घाटात पाऊस, निघावेच लागते.

घरातली विषे

पॅरासिटामॉल मांजराला मारते. ते निकामी करण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजते, श्वास लागतो. आयब्युप्रोफेन आणि माणसांसाठीच्या इतर वेदनाशामकांनाही हात लावू नये. फरशी पुसायचे फिनेल आणि पाण्यात पांढरे होणारे जंतुनाशक पायांना लागते, मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. डांबरगोळ्या आजाऱ्याच्या गोधडीजवळ नकोत. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धोका असतो: जनावरांच्या गोचिडांवरचे औषध. त्यातल्या सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन जातीच्या रसायनांनी मांजराला कंप आणि झटके येतात. गोठ्यात फवारणी झाली की आजारी मांजर तिथून दूर ठेवावे.

ऊब आणि जागा

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसाळ्यात घरातले कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. अशा ओलीत मांजराखाली गोणपाट असावे, वर कोरडी गोधडी, आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला, म्हणजे नकोशी झाली तर त्याला सरकता येते. माण-खटावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली टाळावी. वाळूची पाटी अंथरुणाजवळ, कमी काठाची हवी आणि रोज साफ करावी. घरात गरोदर बाई असेल तर ते काम दुसऱ्याने करावे. औषध देताना मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

बरा होणारा, न होणारा

मांजरांचा संसर्गजन्य पेरिटोनायटिस हा करोना गटातल्याच एका विषाणूचा आजार पूर्वी मरणाचा निरोप समजला जाई. जीएस-४४१५२४ या औषधाचे कॅलिफोर्नियातील प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ३१ पैकी २५ मांजरे टिकली. उपचार ८४ दिवसांचा. वजन वाढत जाते तशी मात्राही वाढवावी लागते, म्हणून इथेही काटा आणि वही लागतेच.

काही आजारांत मात्र उपाय संपतात. खाणे, चालणे, स्वतःला स्वच्छ ठेवणे जमेनासे झाले आणि वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा वाढले की डॉक्टर दयामरणाचा पर्याय सांगतात. आधी गुंगी आणि मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, असे ते दिले जाते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते ही समजूत गावाकडे अजून बोलली जाते, आणि कितीतरी घरांत निर्णय तिथेच अडतो. त्या समजुतीतला धाक जीव वाचवण्यासाठी होता. तडफडणाऱ्या जिवाला आणखी आठ दिवस तसेच ठेवण्यासाठी तो वापरू नये. कुटुंबाला हा निर्णय नको असेल तर निदान वेदनाशामक शेवटपर्यंत चालू ठेवावे.

मृत मांजर विहीर आणि ओढ्यापासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरतात. मृत्यू पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या पार्वो या विषाणूजन्य आजाराने झाला असेल तर त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि फिनेलने मरत नाही. गोधडी जाळावी, भांडी आणि फरशी एक भाग ब्लीच आणि सुमारे तीस भाग पाणी या द्रावणाने दहा मिनिटे ओली ठेवून मग धुवावी. नवे पिल्लू आणायचे तर सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावरच ते त्या घरात आणावे.