सिग्नलला क्लच दाबून ठेवला म्हणून प्लेट जळत नाही हो

"सिग्नलला न्यूट्रल कर, नाहीतर क्लच प्लेट जळेल" हे गाडी शिकताना सगळ्यांनीच ऐकलंय. पण पेडल पूर्ण दाबलं की प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनासोबत फिरणारं जड चाक) सुटी होते, घासायला काही उरतच नाही, मग जळणार काय? झिजतं ते रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग), त्यामुळे न्यूट्रल करा हे बरोबरच, फक्त कारण चुकीचं सांगतात. प्लेट जळते ती हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबलेलं), म्हणजे घाटात चढावर ट्रॅफिक तुंबलं की हँडब्रेक न ओढता क्लच-ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची (आणि वर त्याला स्किल म्हणायचं!), इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली, मधली सगळी घासाघीस प्लेटच्या अंगावर. तो करपल्याचा वास येतो ना, तो तिचाच. पेडलवर कायम पाय टेकवून चालवणारेही यातच आले.