बॉनेटखालचे रंग आले कुठून?

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी दुरुस्तीला काढली, इंजिन उतरवलं, सुटे भाग डिझेलनं धुऊन झाले, की प्रश्न येतोच: आता कशाला कोणता रंग द्यायचा? बाहेरच्या रंगावर घरात महिनाभर खल चालतो. बॉनेटखालचा रंग मात्र मिस्त्रीकडे जो डबा उघडा असेल त्यावर ठरतो. ब्लॉक चंदेरी, बाकी सगळं काळं, काम संपलं. पुण्यात असं व्हायला नको. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, भोसरीत प्लेटिंग आणि पावडर कोटिंग करून मिळतं. हवा तो रंग आणि हवी ती झळाळी गावातच आहे. पण निवडायचं कशाच्या आधारावर, हे कळायला त्या रंगांचा इतिहास पाहावा लागतो. बॉनेटखालचा जवळपास प्रत्येक रंग आधी धातूच्या गरजेपोटी आला, शोभा मागून आली.

काळ्याची गोष्ट सर्वांत जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी भागांवर ‘जपान ब्लॅक’ चढवत. डांबराच्या जातीचा पदार्थ आणि जवसाचं तेल एकत्र करून तो लेप भट्टीत भाजायचा. थर कडक होई, स्वस्त पडे आणि तेल-ग्रीसला दाद देत नसे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात निघत होती ती याच घराण्यातल्या रंगांमुळे. पुढे 1920च्या दशकात लवकर वाळणारे लॅकर आले आणि गाड्या बाहेरून रंगीत झाल्या. आत मात्र ब्रॅकेट, पंखा, एअर फिल्टरचा डबा काळेच राहिले, कारण तिथे काळ्याची जागा घेण्याचं कुणाला कारणच नव्हतं.

इंजिनाच्या ब्लॉकचं वेगळं. ओतीव लोखंड उघडं ठेवलं तर पुण्याच्या एका पावसाळ्यात तांबूस होतं. आतल्या पाण्याचं तापमान साधारण 90 अंश, म्हणजे ब्लॉकला चांगला एनॅमल रंग सहज टिकतो. मग रंग कोणताही चालत असेल तर तो ओळखीसाठी का वापरू नये, असं कंपन्यांना वाटलं. अमेरिकेत शेव्हरोलेची इंजिनं नारिंगी आणि 1966पासून फोर्डची निळी. रंगावरून घराणं कळायचं. ही ओळख ग्राहक किती मनावर घेतात हे 1977मध्ये दिसलं. जनरल मोटर्सनं आपल्या महागड्या ओल्ड्समोबिल गाड्यांत शेव्हरोलेची इंजिनं बसवली होती. सुटे भाग जुळेनात तेव्हा ते ग्राहकांच्या लक्षात आलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच सुमाराला कंपनीनं सगळ्या इंजिनांना एकच निळा रंग द्यायला सुरुवात केली.

युरोपात याच रंगाला प्रतिष्ठा मिळाली. जॅग्वारनं 1948मध्ये एक्सके इंजिन आणलं तेव्हा बॉनेट उघडल्यावर माणूस थबकला पाहिजे असा कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांचा आग्रह होता. म्हणून वरची कव्हरं बफिंग करून आरशासारखी केली. फेरारीनं तर 1957च्या शर्यतीच्या गाडीचं नावच ‘टेस्टा रोसा’, म्हणजे लाल डोकं, ठेवलं. कारण एवढंच, की टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, लाल रंगवलं होतं.

इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी, म्हणजे मॅनिफोल्डपाशी, ही सगळी हौस थांबते. तिथलं तापमान कित्येक शे अंशांवर जातं. साधा रंग आधी धुरकटतो, मग पापुद्रे सुटतात. जॅग्वारनं तिथे काचेचा मुलामा वापरला. आजीच्या काळातल्या एनॅमलच्या टमरेलावर असायचा तोच प्रकार: काचेची पूड लोखंडावर वितळवून बसवायची. पैसे असतील तर आजही याला तोड नाही. नसतील तर सिलिकॉनवर आधारलेला उष्णतारोधक रंग घ्यावा, राखाडी किंवा काळा. मॅनिफोल्डला लाल-निळा शोधत फिरू नये.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो नट-बोल्ट आणि कार्बोरेटरच्या जोडण्यांवरचा पिवळट सोनेरी रंग. तिरका धरला की त्यात हिरवी-गुलाबी झाक दिसते. हा रंग म्हणजे पेंट नव्हे. लोखंडावर आधी जस्ताचा पातळ थर चढवतात. तांबट आळीतल्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा कथील पितळ झाकून धरतं. जस्त त्याच्या पुढे जातं, लोखंडाआधी स्वतः झिजतं. ते लवकर झिजू नये म्हणून त्यावर क्रोमेटचा हात देत, आणि सोनेरी झाक त्यातून येई. बारीक ओरखडा पडला तर क्रोमेट तिथे सरकून तो भरूनही काढी. मात्र त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक. प्लेटिंगच्या टाकीशी उभा राहणारा कामगार ते रोज श्वासात घ्यायचा. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या निर्देशानुसार जुलै 2007पासून नव्या गाड्यांवर त्याला बंदी आली, आणि निर्यातीचे भाग करणाऱ्या कारखान्यांना पद्धत बदलावी लागली. म्हणून आजच्या गाडीतले बोल्ट निळसर पांढरे दिसतात. जुना रंगच हवा असेल तर प्लेटिंगवाल्याकडे ‘ट्रायव्हॅलंट यलो’, म्हणजे तीन संयुजेच्या क्रोमियमचा पिवळा, मागावा. रंग थोडा फिका येतो, पण कुणाच्या फुफ्फुसांवर बेतत नाही. ब्रेक आणि सस्पेन्शनचे जास्त ताकदीचे बोल्ट असतील तर प्लेटिंगनंतर काही तास भट्टीत ठेवायला सांगावं, नाही तर पोलादात शिरलेल्या हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात.

पावडर कोटिंग या सगळ्यांत धाकटं. जर्मनीत 1950च्या दशकात त्याची सुरुवात झाली. कोरडी पूड 180 ते 200 अंशांवर वितळून भागावर बसते. ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा यांना उत्तम. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर मात्र त्या भट्टीत कधीही देऊ नये, कारण कथील-शिशाचं डाखकाम 183 अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. रेडिएटरला पातळ काळा रंगच बरा. जाड थर दिला तर उष्णता आत कोंडते. माझ्या गाडीला वेगळाच फटका बसला. एका कारखान्यात इंजिनाची ब्रॅकेट सगळ्या बाजूंनी कोट होऊन आली, अर्थिंगची पट्टी जिथे बसते तिथेही. सगळं जोडलं आणि स्टार्टर फिरेना. दोन दिवस बॅटरी आणि सोलेनॉइड तपासण्यात गेले. शेवटी पट्टीखालचा वीज अडवणारा थर नाण्याएवढ्या जागेत घासून धातू उघडा केला तेव्हा गाडी सुरू झाली.

आता ॲल्युमिनियमचे ब्लॉक आणि वर प्लॅस्टिकचं झाकण आल्यामुळे रंगांची ही दुनिया नव्या गाडीत दिसत नाही. एक रंग तेवढा नव्यानं आला: इलेक्ट्रिक गाडीतल्या जास्त विद्युतदाबाच्या केबलचा नारिंगी. एआयएस-038 या वाहनांसाठीच्या भारतीय मानकानं तो बंधनकारक केला आहे, आणि ही मानकं आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या सचिवालयातून निघतात. तो रंग दिसला की हात मागे घ्यायचा.

पद्मिनीसाठी मी ठरवलं ते असं: लोखंडी ब्लॉकला एनॅमल रंग, ॲल्युमिनियमचं हेड उघडंच, मॅनिफोल्ड राखाडी, पत्र्याचं सगळं काळं, बोल्ट सोनेरी. टॅपेट कव्हरवर मात्र हौस करून घ्यावी, तिथे काहीही शोभतं. बॉडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, आतल्या रंगाला ती लागत नाही. पण इंजिन नंबर आरसीवर असतो. सँडब्लास्टिंग आणि रंगाआधी ब्लॉकवरच्या त्या जागेवर जाड टेप लावावी आणि त्याआधी नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा.