फोन करण्याआधी बघून ठेवा: तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज कोणती?

प्रिंटर बसवायचा असो की टॅली उघडत नसो, फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला: विंडोज कोणती? उत्तरं येतात, "एचपीची", "आय-फाइव्ह", "२०१६ ची". एचपी ही कंपनी, आय-फाइव्ह हा प्रोसेसर, आणि २०१६ हे बहुतेक वेळा वर्ड-एक्सेलचं असतं.

खरा घोळ घालतो तो लॅपटॉपवरचा स्टिकर. त्यावर विंडोज ७ किंवा ८ लिहिलेलं असतं, पण ते मशीन नवं होतं तेव्हाचं. मध्ये कोणीतरी १० टाकून दिलेली असते. स्टिकर वाचून सांगितलंत, की आमचा मुलगा त्या हिशेबानं ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) घेऊन निघतो आणि तिथं तो चालत नाही. दुसऱ्या फेरीचा व्हिजिट चार्ज मागायला आम्हालाही जड जातं, पण पेट्रोल आणि अर्धा दिवस गेलेला असतो.

तेव्हा एवढं करा. किबोर्डवर खाली डावीकडे खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे, ते दाबून धरून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. जे दिसेल त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, जवळून आणि न हलवता. नुसतं "२२एच२" हे व्हर्जनचं नाव सांगू नका. ते १० मध्येही आहे आणि ११ मध्येही. त्यापुढचा बिल्ड नंबर महत्त्वाचा: १९०४५ म्हणजे १०, आणि २२००० किंवा त्याहून मोठा म्हणजे ११.

जुना प्रिंटर असेल तर ३२ बिट की ६४ बिट तेही लागतं, कारण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्यावर चालत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं "सिस्टिम टाइप" ही ओळ बघा. तिच्यात दोन गोष्टी असतात. आधी लिहिलेली विंडोजची, नंतरची प्रोसेसरची. आम्हाला पहिली हवी.

१० निघाली तर एक लक्षात घ्या: तिचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी नुसता आय-फाइव्ह असून भागत नाही. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. नवीन मशीन घ्यायच्या आधी जुनं दुकानात आणा. ११ बसते का ते बघून देतो, बघायचे पैसे नाहीत. येताना चार्जर मात्र आणा.