पाणी लहान होत नाही

दिवाळीच्या किल्ल्यात शेजारच्या पोरांनी यंदा आपला सोलापूरचा भुईकोट केला होता. बाजूला सिद्धेश्वर तलाव, मधोमध पुठ्ठ्याचं देऊळ, बुरुजांवर मावळे, उतारावर अळिवाचं हिरवंगार गवत. तलावासाठी ताटलीत नळाचं पाणी. सगळं सुरेख जमलं होतं, पण तलाव काही केल्या ताटलीच वाटत होता. "काका, खरं पाणी आहे, तरी खोटं का दिसतंय?" त्यातल्या धाकट्यानं विचारलं. इतका नेमका प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता.

बुरुज, झाडं, माणसं शंभरपट लहान करा, डोळा फसतो. पाणी मात्र लहान करता येत नाही.

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात. आतल्या रेणूला ही ओढ चहूबाजूंनी असते, वरच्या थरातल्या रेणूला फक्त खालून आणि बाजूंनी. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग आक्रसायला बघतो. हा पृष्ठताण. दुसरीकडे गुरुत्वाकर्षण पाण्याला सपाट करायला बघतं. या कुस्तीत कोण जिंकणार, ते अंतरावर ठरतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन. त्याला घनता (१०००) आणि गुरुत्व त्वरण (९.८) यांच्या गुणाकारानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं ०.००२७ मीटर, म्हणजे २.७ मिलिमीटर. साधारण याहून कमी अंतरात पृष्ठताणाचं राज्य, जास्त अंतरात गुरुत्वाकर्षणाचं. आणि हा आकडा तलावात तोच, ताटलीतही तोच.

कडेला नीट बघा. पाणी भांड्याच्या भिंतीवर दोनेक मिलिमीटर चढलेलं दिसतं. खऱ्या तलावात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १:१०० च्या किल्ल्याशेजारी तीच कड २० सेंटिमीटरची होते, म्हणजे घाटाच्या एका पायरीएवढी! नळाला लोंबून सुटणारा थेंब साधारण ५ मिलिमीटरचा. पुठ्ठ्याच्या देवळापाशी उभ्या मावळ्याच्या मापानं तो मोठ्या घागरीएवढा झाला. लाटांचं तर आणखी गमतीचं. १.७ सेंटिमीटरहून लांब लाटा मुख्यतः गुरुत्वाकर्षणावर चालतात आणि त्यांत लांब लाट जास्त वेगानं जाते. त्याहून आखूड लाटा पृष्ठताणावर चालतात आणि तिथं आखूड लाट जास्त वेगानं जाते, अगदी उलट. ताटलीला धक्का लागला की पाणी थरथरतं आणि लगेच शांत होतं. तलाव असा वागत नाही, हे आपल्या डोळ्याला लहानपणापासून पाठ असतं.

वेळेचंही तसंच. १० मीटरवरून पडणारं पाणी सुमारे १.४ सेकंदांत खाली येतं, १० सेंटिमीटरवरून ०.१४ सेकंदात. अंतर शंभरपट कमी, वेळ फक्त दहापट. म्हणून सिनेमावाले छोट्या जहाजांची वादळं वेगवान कॅमेऱ्यानं टिपून संथ करून दाखवत. त्यानं वेळेचा हिशेब जुळतो, थेंब मात्र घागरीएवढेच राहतात.

याच पृष्ठताणानं २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपतीला दूध पाजलं होतं. ओल्या मूर्तीला चमचा टेकवला की दूध ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तो ओघळ सगळ्यांना दाखवला, तरी रांगा हटल्या नाहीत. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण खरा चमत्कार त्या चमच्याच्या टोकालाच होता.

तर देखाव्यात पाणी दाखवायचं म्हणजे पाणी नसलेलं काहीतरी हवं. बहुतेक जण एपॉक्सी रेझिन वापरतात, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारा पारदर्शक द्रव. तेही कडेला चढतं, पण वाळल्यावर त्या कडेवर मातकट, चमक नसलेला रंग मारून ती लपवता येते. लाटा वरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेलनं, ब्रशनं हव्या त्या मापाच्या काढायच्या. तळ निळा रंगवू नका. पाण्याचा स्वतःचा निळेपणा कित्येक मीटर खोलीशिवाय जाणवत नाही. आपल्या तलावाला मधे गडद शेवाळी आणि काठाला मातीचा रंगच शोभतो.

रेझिन आणि हार्डनरची क्रिया उष्णता सोडते. एकदा ऐन एप्रिलमध्ये, सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना, मी दोन सेंटिमीटरचा थर एकदम ओतला. आतली उष्णता बाहेर पडेना, तापमान वाढलं की क्रिया आणखी वेगात, त्यानं आणखी उष्णता. डबा हातात धरवेना, आणि सकाळी पिवळा पडलेला, मधोमध तडकलेला तलाव मिळाला. तेव्हापासून तीन-चार मिलिमीटरचे थर, तेही रात्री, गच्चीवर, हातमोजे घालून. पोरांना लांबूनच बघायला सांगतो, कारण कच्चं रेझिन त्वचेला वाईट.

बर्फाची गोष्ट याहून नाजूक आहे. बर्फ मुळात पारदर्शक, हिम पांढरं. हिमाच्या कणांमध्ये हवा असते, प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश थोडा परततो, थोडा वळतो, आणि असं असंख्य वेळा झालं की सगळे रंग मिसळून पांढरं दिसतं. गणपतीत केदारनाथचा देखावा करताना आमच्या मंडळानं नदीच्या फेसासाठी (तोही हवेमुळेच पांढरा) कापूस लावला आणि वरून रेझिन ओतलं. कापूस दिसेनासाच झाला. कापसाच्या तंतूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, सुमारे दीड, रेझिनचाही तेवढाच. मधली हवा गेली, मग प्रकाशाला वळायला जागाच उरली नाही. धोतर भिजलं की अंग दिसतं, ते याच कारणानं.

म्हणून फेसाचा कापूस आणि हिमाचा खाण्याचा सोडा, दोन्ही शेवटी. रेझिन बोटाला चिकटेनासं झालं, की मग चहाच्या गाळणीतून सोडा भुरभुरवायचा आणि त्याला हात लावायचा नाही.