अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी

अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी ही क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांनी ३० एप्रिल १९१७ रोजी फिलाडेल्फिया येथे स्थापन केलेली मदतकार्य करणारी संस्था आहे. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरून तेव्हा महिनाही झाला नव्हता. शस्त्र धरणे पंथाला मुळातच अमान्य असल्याने सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्या तरुणांना कोणते काम द्यायचे, हा प्रश्न होता. रूफस जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांना फ्रान्समधील उद्ध्वस्त गावांत घरे उभारायला पाठविले.

संस्था पंथाची असली, तरी तिच्या कामात धर्मप्रसाराला जागा नाही, आणि मदत घेणाऱ्याचा धर्म वा पक्ष विचारला जात नाही. १९२० पासून तिने पराभूत जर्मनीतील मुलांना जेवण पुरविले; ऐन भरात ते रोज सुमारे दहा लाख मुलांपर्यंत पोहोचत होते. स्पेनच्या यादवीत तिने दोन्ही बाजूंच्या मुलाबाळांना अन्न दिले. १९३८ मध्ये ज्यूंवरील हल्ल्यांनंतर जोन्स दोन सहकाऱ्यांसह बर्लिनला गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, अधिकाऱ्यांना भेटले, तेव्हा आपल्या निवेदनात त्यांनी याच जेवणाचा दाखला दिला. भेटीतून फारसे काही हाती लागले नाही, परंतु एरवी त्यांना तिथे दारातही उभे केले गेले नसते.

१९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक तिला ब्रिटिश क्वेकरांच्या फ्रेंड्स सर्व्हिस कौन्सिलसह मिळाले. ते स्वीकारताना संस्थेचे अध्यक्ष हेन्री कॅडबरी यांनी घातलेला औपचारिक कोट संस्थेने मदतीसाठी जमविलेल्या कपड्यांच्या साठ्यातून घेतलेला होता.

तत्त्वाची खरी कसोटी गाझात लागली. संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून १९४८ च्या अखेरीस तिने तेथील सुमारे दोन लाख पॅलेस्टिनी निर्वासितांच्या शिध्याची आणि तंबूंची जबाबदारी घेतली. राजकीय तोडगा निघेपर्यंतचे तात्पुरते काम, अशीच तिची समजूत होती. तोडगा निघेना, तेव्हा केवळ शिधा वाटत राहिल्याने माणसे परावलंबी होतात आणि मूळ प्रश्न लांबणीवर पडतो, असे ठरवून तिने १९५० मध्ये हे काम संयुक्त राष्ट्रांच्या नव्या संस्थेकडे सोपवून अंग काढून घेतले. या निर्णयात तर्क होता, पण निर्वासितांची छावणी मात्र तिथेच राहिली.

भारतात तिने १९५२ ते १९६२ या काळात ओडिशातील बारपाली येथे ग्रामविकासाचा प्रकल्प चालविला. तेथे तयार झालेले, पाणी साचून दुर्गंधी अडविणारे कमी खर्चाचे संडास ‘बारपाली’ याच नावाने ओळखले जाऊ लागले.