कालवाच्या अंड्यातली अर्ध्या तासाची गोष्ट

माझं माहेर मालवणचं आणि सासर नाशिकचं, त्यामुळे खडकावरची कालवं (ऑयस्टर) आणि मांडवावरची द्राक्षं या दोन्ही माझ्या घरच्याच गोष्टी. फेब्रुवारीत निफाडला दिरांच्या बागेत गेले होते. माल काढणीला आला होता. भाऊजींनी मोबाइल पुढे केला, "वहिनी, हे बघा, तुमच्या समुद्रातही सीडलेस निघालं." बातमी फ्रान्समधल्या कालवांची होती. तिथे 'चार ऋतूंची कालवं' या नावाने ती भर उन्हाळ्यातही विकली जातात, कारण त्यांना जवळजवळ पिल्लंच होत नाहीत. खाली कुणीतरी ठोकून दिलं होतं की ही जीएम आहेत, खाणाऱ्यालाही मूल होणार नाही. भाऊजींना ते खरं वाटत नव्हतं, पण शंका होतीच. "जीनमध्ये काहीतरी केलंय ना पण?"

जीनमध्ये काहीही केलेलं नाही. बाहेरचं एक जनुक आत घातलेलं नाही की आतलं एक बदललेलं नाही. केलंय ते इतकंच, की गुणसूत्रांचे दोन संच असायचे तिथे तीन ठेवलेत. हे कसं करतात ते मला इतकं आवडतं की त्या दिवशी बांधावर बसून मी तासभर बोलत होते.

आधी गरज का पडली ते सांगते. लहानपणी आजीबरोबर ओहोटीला कालवं फोडायला जायचे. एरवी शिंपला उघडला की आत भरीव, राखाडी-पांढरा गर. पण काही दिवस असे यायचे की तोच गर दुधासारखा पिचपिचीत निघायचा, बोट लावलं तर पांढरं पाणी सुटायचं. ते दूध म्हणजे अंडी किंवा शुक्राणू. कालवाचा गोडवा त्यात साठलेल्या ग्लायकोजेनचा असतो, आणि प्रजननाचा हंगाम आला की तो साठा सगळा तिकडे खर्ची पडतो. एक मादी कोट्यवधी अंडी सोडते. सोडून झाली की मागे उरतं ते पाणचट, रोडावलेलं कालव. युरोप-अमेरिकेत हे उन्हाळ्यात होतं, म्हणून तिथे उन्हाळ्यात कालवं न खाण्याची जुनी रीत आहे. प्रजननच झालं नाही तर गोडवा टिकेल, असा सरळ हिशोब शास्त्रज्ञांनी केला.

आता अंड्याकडे येऊ. जगात सर्वांत जास्त पाळलं जाणारं पॅसिफिक कालव मूळचं जपानकडचं. त्याच्या पेशीत 20 गुणसूत्रं असतात: 10 आईकडची, 10 बापाकडची. अर्धगुणसूत्री विभाजन शाळेत शिकलो ते आठवा. अंड्यात आणि शुक्राणूत दहा-दहाच जायला हवीत. पण कालवाची मादी अंडं पाण्यात सोडते तेव्हा हे विभाजन झालेलं नसतं! अंडं मध्येच थांबून राहतं. शुक्राणू आत शिरला की मगच पुढचं काम सुरू होतं. जादा गुणसूत्रं अंडं एका चिमुकल्या पिशवीत भरून बाहेर टाकतं. तिला पोलर बॉडी म्हणतात. अशा पिशव्या दोन. पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर पहिली साधारण 20 मिनिटांत सुटते आणि दुसरी त्यानंतर पंधरावीस मिनिटांत. सूक्ष्मदर्शकाखाली गोल अंड्याच्या कडेला तो फुगा उगवताना दिसतो.

नेमकं इथेच माणसाने हात घातला. दुसरी पिशवी सुटण्याच्या बेतात असताना अंडी थोडा वेळ सायटोकॅलॅसिन नावाच्या द्रव्यात ठेवायची. हे द्रव्य बुरशीपासून मिळतं. पेशीला पिशवी चिमटून वेगळी काढण्यासाठी ज्या धाग्यांची दोरी लागते, ते धागेच हे द्रव्य बनू देत नाही. पिशवी सुटत नाही, तिच्यातला संच अंड्यातच राहतो. अंड्याचे दोन संच आणि शुक्राणूचा एक, मिळून 30 गुणसूत्रं. मग अंडी धुवून स्वच्छ पाण्यात सोडायची. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठाच्या स्टॅन्ली, अ‍ॅलन आणि हिडू यांनी अमेरिकन कालवावर हे करून 1981 मध्ये प्रसिद्ध केलं.

तीन संच असले की पिल्लं का होत नाहीत? फुगडी डोळ्यांसमोर आणा. विभाजनाच्या वेळी सारखी गुणसूत्रं जोडीजोडीने हात धरतात आणि मग एक इकडे, एक तिकडे जातं. फुगडी दोघींचीच. तिसरी आली की ती कुणाचा हात धरणार? तिघींपैकी दोघी एका बाजूला पडतात आणि एक दुसऱ्या बाजूला, आणि कोण कुठे जाईल याला काही धरबंद नसतो. कालवात असे तिघींचे 10 गट. सगळ्या गटांतल्या दोन-दोन जणी एकाच बाजूला गेल्या तरच दोन्हीकडे पूर्ण संच येतील. नाणं उडवून ठरवल्यासारखं धरलं तर ही शक्यता 512 मध्ये एक. बाकी सगळी अंडी अर्धवट हिशोबाची, त्यांतली पिल्लं बहुधा जगत नाहीत. कालव तशी अंडीही फारशी बनवत नाही. गोडवा अंगात राहतो आणि वाढही चांगली होते.

एक अडचण होती. रसायनाने दर वेळी सगळीच अंडी त्रिगुणित होत नाहीत आणि बरीच मरतात. मग विचार आला की चार संचांचा नर मिळाला तर? त्याचा शुक्राणू दोन संच आणेल, साध्या मादीचं अंडं एक, म्हणजे रसायनाशिवाय सगळी पिल्लं तीन संचांची. पण साध्या अंड्यातून केलेली चार संचांची पिल्लं जगेनात. 1994 मध्ये शिमिंग ग्वो आणि स्टँडिश अ‍ॅलन यांनी वाट काढली. त्यांनी त्रिगुणित मादीची, क्वचितच मिळणारी, आकाराने मोठी अंडी घेतली, साध्या नराशी फलित केली आणि या वेळी दुसरी नव्हे, पहिली पिशवी अडवली. अंड्यात तीनच्या तीन संच राहिले, शुक्राणूचा एक आला, चार झाले, आणि पिल्लं जगली. हे एकदा वाचून डोक्यात बसत नाही. मी स्वतः कागदावर गोल काढून तीनदा मोजलं होतं.

भाऊजींची एक समजूत मात्र मी तिथेच खोडली. आपलं थॉमसन सीडलेस असं नाही. त्यात साधे दोनच संच असतात, 38 गुणसूत्रं. बी धरतं, पण कोवळं असतानाच वाढ थांबते. मणी उभा कापून उजेडात धरा, बियांच्या जागी दोन-चार बारीक खुणा दिसतील. बी नसल्याने मण्याला वाढीचं संप्रेरक आतून कमी मिळतं, म्हणून तर घडांना जीएचं, म्हणजे जिबरेलिक आम्लाचं, डिपिंग करावं लागतं. या कालवाची खरी भावंडं म्हणजे जळगावची जी-नाइन केळी आणि बिनबियांचं कलिंगड. दोघांतही 11 चे तीन संच, 33 गुणसूत्रं. पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्याला केळी ठेवणाऱ्या आपल्याला तीन संचांचं भय वाटावं, याचं मला वाईट वाटतं.

अफवा उलट्या दिशेनेही पसरतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हिरव्या शिंपल्याचा जनुकसंच वाचला. गोव्यात यालाच शिणाणे म्हणतात. गुणसूत्रांच्या 15 जोड्या, डीएनएची सुमारे 72 कोटी अक्षरं. त्यात कर्करोगाशी संबंधित प्रक्रियांमधली जनुकं आढळल्याची बातमी आली आणि माझ्या एका ग्रुपवर शिणाणे हे कॅन्सरवरचं औषध झालं. ही जनुकं पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारी. ती तुमच्या-माझ्यातही आहेत. शिंपला प्रदूषित पाण्यात कसा टिकतो, हे त्यांवरून अभ्यासता येईल. रुग्णाने त्यासाठी उपचार थांबवून शिणाणे खाऊ नयेत, कृपा करून.

पॅसिफिक कालवाचा जनुकसंच 2012 मध्ये वाचला गेला. पेशीतली प्रथिनं उष्णतेत विस्कटू नयेत म्हणून जी जनुकं राबतात, त्यांच्या एका प्रकारची माणसात 17 आहेत आणि कालवात 88. ओहोटीला तापलेल्या खडकावर तासन्‌तास तोंड मिटून बसणाऱ्याला ती लागणारच.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मालवणला का नाही करत?" मी सांगितलं, भारतातही मद्रासी कालवावर असे प्रयोग झालेत, पण त्यासाठी अंडी हातात हवीत, म्हणजे हॅचरी हवी. आपल्याकडे कालवांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, बहुतेक खाडीतूनच गोळा करतात.

"आणि या तीनवाल्यांना पिल्लं नाहीत. म्हणजे शेतकऱ्याने दर हंगामात बी विकतच आणायचं."

"हो."

त्यांनी डॉगरीज खुंटावर भरलेल्या एका द्राक्षकलमाच्या बुंध्यावर हात ठेवला. "आम्हाला लावायला काडी तरी आहे, वहिनी. कालवाची काडी कुठून आणणार?"