आधी रंग की आधी नमदा?

हाताने केलेला लोकरीचा जाड नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेले कापड, रंगवला आणि वाळल्यावर त्याची कड कात्रीने कापली, की पुष्कळदा आत पांढरी रेघ दिसते. दोन्ही बाजू गडद लाल आणि मधोमध मूळची लोकर तशीच. नव्याने काम शिकणाऱ्याला ही आपली चूक वाटते. पण नमदा करण्याआधी लोकर रंगवावी की नमदा तयार झाल्यावर तो रंगवावा, हा प्रश्न या कलेइतकाच जुना असावा. आजची पद्धत कुठून आली ते कळायचे तर जरा मागे जावे लागते.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणे यांमुळे तंतू एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि मागे फिरत नाहीत. नमदा म्हणजे हीच अडकलेली लोकर. त्यात ताणा नाही आणि बाणाही नाही. रंगाचे पाणी आत शिरायला मोकळ्या लोकरीत जितकी वाट असते, तितकी इथे उरलेली नसते. त्यातच रंगवण्यासाठी उकळले की नमदा आणखी आटतो. हे दोन अडथळे सगळ्या काळांत तेच राहिले, उत्तरे मात्र बदलली.

फार जुने रंगीत नमदे मिळाले ते मध्य आशियातल्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यांत. ही थडगी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहेत. आत पाणी शिरून बर्फ झाला, म्हणून लोकर टिकली. सेर्गेई रुदेन्को यांनी 1929 मध्ये आणि पुढे 1947 ते 1949 या काळात ती उकरली. पाचव्या थडग्यातला भिंतीएवढा नमदा आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे: आसनावर बसलेली देवी आणि तिच्यासमोर घोडेस्वार. ही चित्रे एकेका सपाट रंगाचे नमद्याचे तुकडे कापून खालच्या नमद्यावर शिवून केलेली आहेत. पाझिरिकच्या लोकरी वस्त्रांत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा आणि किड्यांपासून काढलेला असे दोन्ही लाल रंग सापडले आहेत. ‘किरमिजी’ हा आपला शब्द अशाच एका किड्याच्या फारसी नावावरून आला आहे.

त्याच मध्य आशियात किरगिझ बायकांनी दोन्ही वाटा आजवर चालू ठेवल्या आहेत. ‘आला-कियिझ’मध्ये रंगवलेली लोकर बोरूच्या चटईवर नक्षीत मांडतात, वर गरम पाणी ओततात, चटई गुंडाळतात आणि पायांनी तुडवतात. नक्षीच्या कडा एकमेकींत थोड्या विरघळतात. त्यातच तिचे सौंदर्य आहे. ‘शिरडाक’ची रीत उलटी. आधी पांढरा नमदा पक्का करायचा आणि मग तो मोठ्या कढईत रंगवायचा. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापतात. लालातून निघालेला तुकडा निळ्यात बसतो, निळ्यातला लालात. काहीच वाया जात नाही. सांधा पिळाच्या दोऱ्याने झाकतात आणि खाली दुसरा नमदा लावून सगळे टाचतात. धारदार कडा आणि एकसारखा रंग हवा, तर नमदा रंगवून मगच कापणे हेच सोयीचे. युनेस्कोने 2012 मध्ये या दोन्ही प्रकारांची नोंद तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत केली.

पण तयार नमदा रंगवण्याचा धंदा खऱ्या अर्थाने वाढवला तो युरोपातल्या टोप्या बनवणाऱ्यांनी. हा भाग लोकांना कमी ठाऊक आहे आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अठराव्या शतकात टोपीचा नमदा द्राक्षमद्याचा गाळ घातलेल्या कडक गरम पाण्यात घोटून दाट करत. आधी रंगवलेले तंतू त्या आंबट पाण्यात घातले, तर रंगाची खात्री राहणार कशी? म्हणून टोपीचा आकार आधी पुरा करत आणि काळा रंग मागून देत. लॉगवुड नावाच्या झाडाचे लाकूड उकळून त्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) घालत. टोप्या लाकडी साच्यांवर चढवून त्या हंड्यात बुडवायच्या, बाहेर काढून हवेवर ठेवायच्या, पुन्हा बुडवायच्या. हवा लागली की लोखंडाचा काळा रंग उघडतो, म्हणून ही उठाठेव अनेकदा करावी लागे. लॉगवुड मध्य अमेरिकेतून येई. होंडुरासच्या आखातात ते तोडायला बसलेल्या इंग्रजांच्या वस्तीतूनच पुढे बेलिझ हा देश घडला. याच लाकडाच्या रंगावर इंग्लंडने 1581 मध्ये, रंग टिकत नाही म्हणून, बंदी घातली होती. ती 1662 मध्ये उठली.

एवढे कष्ट का, तर जुने बहुतेक रंग लोकरीवर आपण होऊन बसत नाहीत. रंग धरावा म्हणून तुरटीत एकदा उकळी आणि रंगात दुसरी. मोकळ्या लोकरीला हे सोसते. नमदा मात्र प्रत्येक उकळीला आणखी कडक आणि लहान होतो. निळीचा हौद कोमट असतो, त्यामुळे तिथे आटण्याची भीती कमी, पण निळीला लागणारा क्षार लोकरीला सोसत नाही आणि रंग वरच्यावरच राहतो.

हे चित्र एकोणिसाव्या शतकात पालटले. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला लंडनमध्ये जांभळा कृत्रिम रंग सापडला. 1862 मध्ये एडवर्ड निकल्सन यांनी अशाच एका निळ्या रंगावर गंधकाम्लाची क्रिया करून तो पाण्यात विरघळणारा केला. लोकरीसाठी आज वापरतात त्या आम्लरंगांची सुरुवात इथे झाली. लोकर हे प्रथिन आहे. पाण्यात आम्ल असले की तिच्यावर धन भार येतो आणि ऋण भाराचे रंगकण तिला थेट धरतात. तुरटी नको, दुसरी उकळी नको. पाणी, रंग आणि थोडे व्हिनेगर एवढ्यावर काम भागते. घरच्या पातेल्यात नमदा रंगवणे शक्य झाले ते यामुळे.

सुरुवातीची ती पांढरी रेघही आज बहुतेकदा यातूनच येते. आम्लरंग लोकरीला इतका झटकन धरतो, की बाहेरचे तंतू सगळा रंग खाऊन टाकतात आणि आत काही पोचतच नाही. म्हणून जाणते रंगारी नमदा रात्रभर पाण्यात भिजत ठेवतात. रंग थंड पाण्यात सुरू करतात, आच हळूहळू वाढवतात आणि व्हिनेगर शेवटी, थोडे थोडे करून घालतात. रंग सावकाश आणि सारखा चढावा म्हणून पाण्यात ग्लाउबर मीठ (सोडियम सल्फेट) टाकण्याची पद्धतही आहे. आटणे धरूनच नमदा मुळात थोडा मोठा करतात.

आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुतांशी काळी. घोंगडीप्रमाणे बुरणूस, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेले पांघरूण, हेही आपल्याकडे जुने आहे. काही भागांत अशा अंथरुणाला जेन म्हणतात. यांत रंगाऱ्याला फारसे काम नव्हते, कारण काळ्या लोकरीवर कुठलाच रंग उठत नाही. घोंगडीचा काठही पांढऱ्या लोकरीचे धागे वेगळे ठेवूनच काढत. त्यामुळे इथे आज कोणी नमदा रंगवायला बसले, तर त्याला आधी पांढरी लोकर निवडून घ्यावी लागते.